ग्रॅनाइट : नाव एक, कुळे अनेक

श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर जाणारा यात्रेकरू ६००हून अधिक पायऱ्या चढतो. या पायऱ्या कोठून आणून बसविलेल्या नाहीत. ज्या कातळाची ती टेकडी आहे, त्याच कातळात त्या खोदलेल्या आहेत. माथ्यावर उभी असलेली भगवान बाहुबलींची सुमारे ५७ फूट उंचीची मूर्तीही त्याच कातळातून प्रकट झाली. गंग राजांचा मंत्री व सेनापती चावुंडराय याने इ. स. ९८१च्या सुमारास ती घडवून घेतली. मूर्तीच्या पायांशी कोरलेला 'श्रीचावुंडराजे करवियले' हा लेख मराठी भाषेच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे; मराठीच्या अतिप्राचीन शिलालेखांत त्याची गणना होते. मूर्तीवर छत नाही. हजार वर्षांहून अधिक काळाचे ऊन, वारा आणि पाऊस तिने उघड्यावर सोसले आहेत. साधारणतः बारा वर्षांनी होणाऱ्या महामस्तकाभिषेकात दूध, उसाचा रस, हळद, चंदन, केशर यांच्या धारा तिच्यावरून वाहतात. असे असूनही मुखावरील ते मंद स्मित आजही रेखीव दिसते.

शिल्पींचे कौशल्य हे त्याचे एक कारण आहेच. दुसरे कारण त्या दगडाच्या जन्मात दडलेले आहे. तो दगड ग्रॅनाइट होय. हा शब्द आज घराघरांत रूढ आहे. नवे घर बांधताना स्वयंपाकघराच्या ओट्याला, जिन्याच्या पायऱ्यांना, दुकानाच्या काउंटरला ग्रॅनाइट बसविला जातो आणि बिलावरही तसेच लिहिलेले असते. मात्र विंध्यगिरीचा ग्रॅनाइट आणि बिलावरचा ग्रॅनाइट हे एकाच कुळातले असतीलच असे नाही. पुष्कळदा ते नसतातच.

शालेय भूगोलात खडकांचे तीन प्रकार शिकविले जातात : अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित. तप्त शिलारस थंड होऊन बनतो तो अग्निजन्य. माती, वाळू, शंख-शिंपले थरांवर थर साचून घट्ट होतात तो गाळाचा. आणि या दोहोंपैकी कोणताही खडक भूगर्भातील प्रचंड दाब व उष्णता यांच्या तावडीत सापडून मूळ रूप बदलतो, तेव्हा तो रूपांतरित. ग्रॅनाइट अग्निजन्य आहे. परंतु एवढे सांगून भागत नाही, कारण सह्याद्रीचा काळा पाषाणही अग्निजन्यच आहे आणि दोहोंत तर जमीन-अस्मानाचे अंतर दिसते. खरा भेद आहे तो थंड होण्याच्या जागेत, वेळेत आणि मूळ शिलारसाच्या घडणीत.

ग्रॅनाइटचा शिलारस जमिनीवर कधी येत नाही. भूकवचाच्या तळाशी असलेले जुने खडक वितळून तो तयार होतो, हलका असल्यामुळे वर सरकू लागतो आणि पृष्ठभागाखाली कित्येक किलोमीटर खोलीवर अडकून राहतो. वर एवढ्या जाडीच्या खडकाचे पांघरूण असल्याने त्याची उष्णता अत्यंत सावकाश बाहेर पडते. एखादा मोठा ग्रॅनाइटचा गोळा पूर्णपणे निवण्यास लक्षावधी वर्षे लागतात. या दीर्घ अवकाशात खनिजांच्या स्फटिकांना वाढण्यास भरपूर सवड मिळते. सर्वसाधारणपणे आधी काळी खनिजे, म्हणजे हॉर्नब्लेंड आणि काळे अभ्रक आकार घेतात. त्यांच्यामागून पांढरा, करडा किंवा गुलाबी फेल्डस्पार येतो. सर्वांत शेवटी, उरेल त्या फटीत क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, घट्ट बसते. दुकानात माल लावताना मोठी खोकी आधी रचावीत आणि मधल्या फटींत लहान पुडे बसवावेत, तसाच हा क्रम असतो. प्रत्येक स्फटिक शेजाऱ्याला भिडेपर्यंत वाढतो. त्यामुळे तयार झालेल्या खडकात पोकळी जवळजवळ राहत नाही, थर नसतात आणि दाणे एकमेकांत दात घालून बसलेले असतात. मूर्तिकाराला कोणत्याही दिशेने छिन्नी चालविता येते आणि पाण्याला आत शिरायला वाव फार थोडा मिळतो.

नावही या दाण्यांवरूनच पडले. इटालियन भाषेत 'ग्रानितो' म्हणजे दाणेदार, आणि त्याचे मूळ लॅटिनमधील 'ग्रानुम', म्हणजे धान्याचा दाणा. धान्याच्या व्यापारात पिढ्या घालविलेल्या घराण्यांना हे नाव परके वाटू नये. दगडाचा रंगही दाण्यांचाच हिशेब असतो. गुलाबी-तांबूस छटा पोटॅशयुक्त फेल्डस्पारची, करडी-पांढरी दुसऱ्या फेल्डस्पारची, काळे ठिपके अभ्रकाचे आणि काचेसारखे धुरकट दाणे गारगोटीचे. इलकलचा प्रसिद्ध तांबडा दगड आणि राजस्थानातील जालोरचा दगड समोरासमोर ठेवून पाहिले, तर हे डोळ्यांना सहज दिसते.

आज हे सारे सरळ वाटते. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी ग्रॅनाइटच्या जन्मावरून युरोपात मोठा वाद माजला होता. जर्मनीतील फ्रायबर्गच्या खाणविद्यालयातील वेर्नर हा त्या काळचा मान्यवर गुरू. त्याचे म्हणणे असे, की आरंभी पृथ्वीवर एक महासागर होता आणि त्याच्या पाण्यातून जे सर्वप्रथम खाली बसले ते ग्रॅनाइट. म्हणून तो सर्वांत जुना आणि सर्व खडकांचा पाया. स्कॉटलंडमधील जेम्स हटन याला हे पटत नव्हते. त्याने वैद्यकाची पदवी घेतली होती, पण व्यवसाय केला तो शेतीचा. त्याचा तर्क साधा होता. ग्रॅनाइट जर कधीकाळी वितळलेला असेल, तर तो शेजारच्या जुन्या खडकांच्या भेगांत घुसल्याच्या खुणा कोठेतरी सापडल्याच पाहिजेत. १७८५ साली ग्लेन टिल्ट नावाच्या खोऱ्यात, नदीच्या पात्रात, त्याला त्या सापडल्या. काळसर खडक फोडून तांबड्या ग्रॅनाइटच्या शिरा आरपार गेल्या होत्या. ज्याला फोडून दुसरा आत शिरतो, तो आधीचा असणारच. म्हणजे ग्रॅनाइट हा नंतर आलेला, आणि तोही द्रवरूपात. हटनला झालेला हर्ष पाहून सोबतच्या वाटाड्यांना वाटले, की याला सोन्याची किंवा चांदीची खाणच लागली असावी!

वादाचा उरलेला भाग प्रयोगशाळेत मिटला. टटल आणि बोवेन या शास्त्रज्ञांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की दाबाखाली पाणी उपलब्ध असेल तर ग्रॅनाइटच्या घडणीचे मिश्रण साधारण ६५० ते ७०० अंश सेल्सिअसलाच वितळू लागते. बेसाल्टला त्यासाठी ११०० ते १२०० अंशांच्या आसपास जावे लागते. ग्रॅनाइट पाण्यातून बसला हे वेर्नरचे मत चुकीचे ठरले खरे. मात्र त्याच्या जन्मात पाण्याचा वाटा फार मोठा आहे, ही गोष्ट गमतीची म्हटली पाहिजे. पाण्याच्या अभावी चंद्रावर बेसाल्टची विस्तीर्ण मैदाने आहेत, पण पृथ्वीवर आहेत तशा ग्रॅनाइटच्या राशी नाहीत.

खोलवर जन्मलेला हा खडक मग विंध्यगिरीच्या माथ्यावर उघडा कसा पडला? वरचे पांघरूण झिजून गेले, एवढेच त्याचे उत्तर. दक्षिण कर्नाटकाचा कातळप्रदेश भारतातील अतिप्राचीन भूभागांपैकी एक आहे. बेंगळुरूजवळच्या रामनगरचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. ('शोले' चित्रपटातील गब्बरसिंगचा डोंगर तो हाच.) एवढ्या काळात ऊन-पावसाने वरचे किलोमीटरच्या किलोमीटर खडक वाहून नेले. वरचा भार हटताच आत दबलेला ग्रॅनाइट किंचित फुगतो आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या वक्र भेगा त्याला पडतात. दक्षिणेत जागोजागी दिसणारे गुळगुळीत, घुमटाकार कातळ आणि एकावर एक तोललेले गोल धोंडे हा त्याचाच परिणाम. तेथील पाथरवटांनी या स्वभावाचा उपयोगही करून घेतला. कातळावर जाळ करून तो तापवायचा, की वरचा पापुद्रा सुटून येतो. सुरुंगाची गरज उरत नाही.

महाराष्ट्रातील दगडाची कहाणी अगदी वेगळी आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि पुरासारखा पसरत गेला. एक थर निवला की त्यावर दुसरा. आज सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर हे थर पसरलेले आहेत आणि सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे त्यांतूनच कोरले गेले. हवेशी गाठ पडल्यामुळे लाव्हा भराभर निवतो. स्फटिकांना वाढण्यास वेळ मिळत नाही आणि दाणा इतका बारीक राहतो, की नुसत्या डोळ्यांना दगड एकजीव काळा दिसतो. हा बेसाल्ट. त्यात सिलिकाचे प्रमाण सुमारे ५० टक्के असते, ग्रॅनाइटमध्ये ते ७० टक्क्यांच्या घरात जाते. लोह आणि मॅग्नेशियम अधिक, म्हणून रंग काळा आणि वजन जास्त. घरोघरीचे जाते आणि पाटा-वरवंटा याच दगडाचे असत. गुळगुळीत झाले, की त्यांना टाकी लावून घ्यावी लागे.

वेरूळची जैन लेणी, क्रमांक ३० ते ३४, या बेसाल्टमध्ये कोरली आहेत. बारीक दाण्यामुळे इंद्रसभेतील स्तंभांवरचे नक्षीकाम इतके नाजूक उतरले. मात्र लाव्ह्याचे थर सर्वत्र सारखे नसतात. काही थरांत वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे असतात, दोन थरांच्या मध्ये कधी लाल मातीचा पट्टा येतो आणि अशा जागी दगड लवकर झडतो. नाशिक जिल्ह्यातील मांगीतुंगी येथे २०१६ साली प्रतिष्ठित झालेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्तीही बेसाल्टचीच. विंध्यगिरी आणि मांगीतुंगी या दोन अखंड पाषाणमूर्तींच्या दगडांच्या वयात अब्जावधी वर्षांचे अंतर आहे, हे दोन्ही यात्रा करणाऱ्यांच्याही सहसा लक्षात येत नाही.

संगमरवराचे कुळ तिसरे. समुद्रतळाशी साचलेला चुनखडक उष्णता आणि दाब यांखाली नव्याने स्फटिकरूप झाला, की संगमरवर होतो. त्यात मुख्यतः एकच खनिज असते, कॅल्साइट. खनिजांच्या कठीणपणाच्या प्रचलित मापात कॅल्साइट ३ वर आहे, फेल्डस्पार ६ वर आणि गारगोटी ७ वर. पोलादी चाकूचे पाते साधारण साडेपाच. या आकड्यांत अबूच्या देलवाडा मंदिरांचे रहस्य सामावलेले आहे. माउंट अबूचा पर्वत स्वतः ग्रॅनाइटचा आहे. विमलशहाने १०३१ साली आणि वस्तुपाल-तेजपाल या बंधूंनी १२३०च्या सुमारास तेथे मंदिरे उभारली, तेव्हा पायाखाली दगडाला तोटा नव्हता. तरीही त्यांनी अंबाजीजवळच्या आरासूर डोंगरातून संगमरवर डोंगर चढवून आणला. छतातील कमळाच्या पाकळ्या प्रकाश आरपार जाईल इतक्या पातळ कोरायच्या होत्या, आणि ग्रॅनाइट ते कधीही होऊ देत नाही. कारागिरांना कोरून काढलेल्या चुऱ्याच्या वजनाएवढी मजुरी मिळे अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, हिशेब मात्र पक्क्या व्यापाऱ्याला शोभेल असाच आहे.

संगमरवराच्या मऊपणाची किंमतही मोजावी लागते. कॅल्साइट आम्लात विरघळते. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजच्या बाहुबलीवर १९६३ साली स्थापन झालेली २८ फुटी मूर्ती संगमरवराची आहे, आणि गावोगावच्या मंदिरांतील बहुसंख्य मूर्तीही. अभिषेकानंतर दह्याचा अंश रेंगाळू न देता शुद्ध जलाने प्रक्षालन करून कोरड्या वस्त्राने मूर्ती पुसून घेण्याची जी रीत आहे, तिला खनिजशास्त्राचाही आधार आहे. ग्रॅनाइटच्या मूर्तीला असे सौम्य आम्ल फारसे बाधत नाही. राहिला वालुकाश्म, बदामीचे चौथे लेणे आणि खजुराहोचे पार्श्वनाथ मंदिर त्याचे आहे. झिजलेल्या खडकांची वाळू पुन्हा घट्ट होऊन तो बनतो, आणि त्यातली पुष्कळशी गारगोटी मुळात कोठल्यातरी ग्रॅनाइटचीच असते.

आता बाजाराकडे वळावे. दगडाच्या व्यापारात 'ग्रॅनाइट' हा शब्द भूशास्त्रातला राहिलेला नाही. चकाकी चांगली घेणारा, चाकूने न ओरखडणारा कोणताही दगड तेथे ग्रॅनाइट, आणि कॅल्साइटचा मऊ दगड तो मार्बल. आंध्र प्रदेशातील चिमकुर्ती येथून येणारा, काळ्यावर सोनेरी ठिपक्यांचा 'ब्लॅक गॅलेक्सी' जगभर ग्रॅनाइट म्हणून विकला जातो. भूशास्त्रज्ञ त्याला गॅब्रोच्या गटात घालतात. निखळ काळा दगड बहुधा डोलेराइट असतो. या दोन्ही खडकांची रासायनिक घडण बेसाल्टसारखी असते. फरक इतकाच की ते जमिनीखाली, अधिक सावकाश निवले. तेव्हा पुण्यातील एखादे कुटुंब शेकडो किलोमीटर दुरून मागवून जो काळा 'ग्रॅनाइट' ओट्यावर बसविते, तो पुणे ज्या दगडावर वसले आहे त्याचाच भाऊबंद असतो! 'कश्मीर व्हाइट' हा कश्मीरचा नव्हे, तामिळनाडूचा. राजस्थानातील ऋषभदेव, म्हणजे केसरियाजीच्या परिसरातून निघणारा हिरवा 'मार्बल' हा संगमरवर नसून सर्पेंटिन या खनिजाचा खडक आहे. आणि ग्रॅनाइट येण्यापूर्वी महाराष्ट्रातील ओट्यांवर ज्याचे राज्य होते तो काळा कडप्पा, तसेच शहाबादी आणि कोटा फरशी हे तिन्ही चुनखडक.

या नावांना फसवणूक म्हणता येणार नाही. घेणारा आणि देणारा दोघेही जो अर्थ समजून व्यवहार करतात, तो त्या बाजाराचा अर्थ. काळा गॅब्रो ओट्यासाठी उत्तम दगड आहे, खऱ्या ग्रॅनाइटइतकाच. परंतु काळ्याच्या मागणीमुळे करड्या, स्वस्त दगडाला रंग पाजून तो निखळ काळा म्हणून विकला जातो, तेव्हा गोष्ट बदलते. कडप्पाला चकाकी देऊन ग्रॅनाइटच्या भावाने विकणे हेही त्याच जातीचे. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार', म्हणजे एका मालाच्या जागी त्यासारखा दिसणारा दुसरा खपविणे, हा एक सांगितला आहे. तो येथे तंतोतंत लागू पडतो.

परीक्षा करणे कठीण नाही. नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाच्या रसाचे काही थेंब अर्धा तास ठेवावेत. कडप्पा किंवा संगमरवर असेल तर चकाकी मरून फिकट डाग उमटतो. ग्रॅनाइट आणि गॅब्रो तसेच राहतात. पोलादी खिळा कडेला ओढून पाहावा. चुनखडकावर पांढरी रेघ उमटते, ग्रॅनाइटवर उलट खिळ्याचेच लोखंड घासून राहते. रंगाचा संशय असल्यास नखांचा रंग काढण्याचे द्रावण पांढऱ्या कापडावर घेऊन घासावे. कापड काळे झाले, की उत्तर मिळाले. साध्या भिंगाखाली खऱ्या ग्रॅनाइटमध्ये काचेसारखी गारगोटी हटकून दिसते, गॅब्रोत ती जवळजवळ नसते. वाहतुकीचे भाडे मोजणाऱ्यांना आणखी एक खूण आहे. खऱ्या ग्रॅनाइटचा एक घनफूट सुमारे ७५ किलो भरतो, काळा ८० ते ८५. ट्रक तोच, मापे तीच, पण काळ्याचा काटा जास्त दाखवितो.

खरा, फिकट रंगाचा ग्रॅनाइट घेतला तरी काही पथ्ये राहतात. दाण्यांच्या सांध्यांत केसाहून बारीक वाटा असतात, त्यांतून हळद आणि तेल आत मुरते. म्हणून बसविल्यानंतर सीलरचा हात द्यावा आणि काही वर्षांनी तो पुन्हा द्यावा. सिंकसाठी कापलेल्या जागेच्या पुढची पट्टी सर्वांत नाजूक. तिच्यावर उभे राहून वरच्या फडताळातले डबे काढण्याची सवय घरात कोणास असल्यास ती मोडावी. दगड दाबाला भक्कम असतो, वाकण्याला नसतो.

महाराष्ट्रात ग्रॅनाइट आणि त्याच्या जातीचे खडक उघड्यावर पाहायचे तर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अशा पूर्व विदर्भात किंवा दक्षिणेकडे सिंधुदुर्गात जावे लागते. इतरत्र तो नाही असा समज मात्र बरोबर नाही. तो खाली आहे. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपानंतर कोयनेच्या परिसराचा अभ्यास अनेक वर्षे चालला आणि पुढे तेथे खोल छिद्रे घेण्यात आली. छिद्रणयंत्राने सुमारे ९३० मीटरपर्यंत काळ्या बेसाल्टचे थरामागून थर वर आणले. त्याखाली एकाएकी दगड बदलला. फिकट रंगाचा, दाणेदार, ग्रॅनाइट आणि त्यापासून रूपांतरित झालेला पट्टेदार नाइस हाती आला, कर्नाटकात उघडा पडलेल्या त्या प्राचीन कातळाचा सगोत्र. कोयनेचे भूकंप ज्या भेगांवर होतात, त्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात नसून खाली काही किलोमीटर खोल असलेल्या या ग्रॅनाइटमध्ये आहेत.